तळ्यावरच्या थोरल्या बाई

दगडावर कुणाचा तरी ओला पंजा उमटलाय असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात तो पंजा उठला आणि पाण्यावरून चालत पलीकडे गेला. झालं ते एवढंच. फार तर एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. तो माशांना खायला घालायला वाकला होता; उजव्या हातात खाद्याचा डबा, डाव्या हातात त्याचं झाकण. पुढच्या क्षणी डबा तळ्यात होता, झाकण कर्दळीच्या कुंडीत होतं आणि तो स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मधली बारा-पंधरा पावलं त्यानं कशी ओलांडली हे त्याला पुढेही कधी आठवलं नाही. आपण ओरडलो हेही त्याला बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. ती शाळेत निघायच्या घाईत ओट्याशी उभ्यानं पाव खात होती. "काय झालं?" "कोळी." "केवढा?" त्यानं हाताचा पंजा पसरून दाखवला, आणि स्वतःचाच पंजा असा बोटं फाकलेला बघून त्याच्या मानेवरून पुन्हा काटा सरसरत गेला. "अरे, ते बाबांचे कोळी," ती म्हणाली, "तळं झालं तेव्हापासून आहेत. तुला माहीत नव्हतं?" आणि मग तिला हसू आवरेना. पावाचे कण ओट्यावर सांडले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि घड्याळाकडे बघून "मेले, बस गेली," म्हणत ती पर्स घेऊन हसतहसतच पळाली. गणित शिकवणारी बाई इतकं हसते हे तिच्या वर्गाला खरं वाटलं नसतं. चोवीस वर्षांपूर्वी त्यानं हे हसणं ऐकलं होतं आणि त्यापायीच पुढचं सगळं झालं होतं. आजचं मात्र त्याला जरा लागलं.

या घरात येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. सासरे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांना कुलूप लावून दोघं इकडे राहायला आली. "पन्नाशी उलटल्यावर घरजावई झालास," बायको म्हणाली होती. तिला सकाळी साडेसहाला निघावं लागे. त्याची कार्यशाळा दहाला उघडे. त्यामुळे सकाळ त्याच्या वाट्याला आली होती: सासऱ्यांचं तोंड धुणं, चहा, गोळ्या, आणि परसातल्या तळ्यातल्या माशांचं खाणं. पहिले वीस दिवस त्यानं मासे बायकोवरच ढकलले होते. आज तिला उशीर झाला होता म्हणून तो गेला.

चहा घेऊन तो पुढच्या खोलीत गेला तेव्हा सासरे नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून पडले होते. तीन आठवडे त्यांचं हेच चाललं होतं. दोन घास खायचे, चमचा बाजूला सारायचा, कूस बदलता येत नाही तर निदान मान वळवायची आणि भिंतीच्या रंगाचे पोपडे बघत राहायचं. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात सांगितलं होतं की सळई उत्तम बसली आहे, हाड जुळतं आहे, पण हा महिना ते उभे राहिले नाहीत तर पुढे राहतील असं वाटत नाही. वॉकर कोपऱ्यात होता. त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला असे. "मगाशी कोण ओरडलं?" सासऱ्यांनी भिंतीला विचारलं. "मी." "दिसल्या वाटतं." "कोण?" "थोरल्या बाई," सासरे म्हणाले, आणि त्यांची मान भिंतीकडून वळली. "एकूण किती होते?" त्यानं एकच पाहिला होता. पण एकट्या कोळ्यासाठी एवढी मोठी आरोळी ठोकली हे कबूल करणं त्याच्या जिवावर आलं. "तीन," तो म्हणाला. सासऱ्यांनी मान डोलावली आणि बशीकडे हात केला. बशीतला पाव त्यांनी संपवला. सगळा.

त्या दिवशी कार्यशाळेत त्याचं कामात लक्ष लागेना. तो कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवत, तो त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढी, लाल मेणाची हिरडी चढवी, त्यात एकेक दात बसवी, गरम सुरीनं मेण सारखं करी. अठ्ठावीस वर्षं. एवढासा फरक, केसाएवढा, पण तो राहिला तर माणूस जेवताना रडतो, हे त्याला पहिल्या वर्षीच कळलं होतं. मेणाचा वास, स्पिरीटच्या दिव्याची निळी ज्योत, फळीवर ओळीनं उघडे पडलेले पांढरे जबडे, या सगळ्यात तो निवांत असे. बाहेरच्या माणसाला ती खोली बघून धडकी भरे. त्याला ती भरत नव्हती, आणि बोटाएवढ्या जिवाला बघून मात्र तो पळत सुटला होता. सुरी दाढेच्या खाचेतून फिरवताना त्याला पुन:पुन्हा तो दगड दिसत होता, आणि पाणी. पाय पाण्यावर टेकले तिथे पाण्याला खळी पडली होती. आठ खळ्या. आपण इतकं घाबरलो असताना हे कसं काय बघितलं, याचं त्याला नवल वाटलं.

या भीतीचं मूळ त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग नव्हता. तो सात वर्षांचा असेल. वडील कामावर गेलेले, आई खुर्चीवर चढून उभी, आणि फरशीवर एक मोठा काळा कोळी. आईला खाली उतरवत नव्हतं. मग त्यानं, घरातल्या एकुलत्या एका पुरुषानं, मोठ्या धीरानं एक काचेचं नव्हे, चिनीमातीचं वाडगं त्याच्यावर पालथं घातलं. आई खाली आली, तिनं त्याचा मुका घेतला, आणि मग दोघं दुपारभर त्या पालथ्या वाडग्याकडे बघत बसली. कुणी ते उचलेना. संध्याकाळी वडील आले, बूट न काढताच त्यांनी वाडगं उचललं. खाली काहीच नव्हतं. वडील हसले आणि हात धुवायला गेले. पण आईनं त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं आईकडे; आणि पुढची कितीतरी वर्षं तो कोळी घरात कुठेतरी आहे हे त्या दोघांनाच माहीत होतं. चादरीखाली, बुटात, कोटाच्या बाहीत. समोर दिसणाऱ्या कोळ्याची त्याला भीती होतीच, पण खरी भीती त्या नसलेल्याची होती.

आणि त्याला सासऱ्यांची वाटणारी भीती वेगळी. ती कोळ्यापेक्षा जुनी नव्हती, पण रोजच्या वापरातली होती. सासरे शहराला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या तलावावर कामाला होते. चौतीस वर्षं रोज पहाटे उठून त्यांनी पाण्याची पातळी मोजली होती. ती वरच्यांना कळवायची, एवढंच काम, पण त्यात कधी बोटभर चूक नाही. निवृत्त झाल्यावर सकाळी पाणी बघितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागेना, म्हणून त्यांनी परसात स्वतःच्या हातांनी खणून हे तळं केलं. चोवीस वर्षांपूर्वी तो मुलीला मागणी घालायला आला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काय करता?" "दात बनवतो." "म्हणजे खोटे." "हो." "बरं," सासरे म्हणाले होते, आणि त्या एका 'बरं'नंतर दोघांमधे हवापाण्यापलीकडे काही बोलणं झालं नव्हतं. ते त्याला जावईबापू म्हणत. तो त्यांना शक्यतो काहीच म्हणत नसे. अगदीच वेळ आली तर बायकोचं 'बाबा' उसनं घेई.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर प्रश्न आलाच. "आज?" तो तळ्यापाशी गेला नव्हता. खाद्य त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून, हात लांब करून, मूठमूठ भिरकावलं होतं. निम्मं कर्दळीत पडलं. "आज दोन," तो म्हणाला. "थोरल्या बाई तळ्यातल्या पंपाजवळच्या दगडावर. दुसरा जरा लहान, पलीकडे." "पुढचे पाय कुठे होते?" "कुणाचे?" "बाईंचे." "पाण्यावर," तो म्हणाला; हे त्याला कालच्या आठवणीतून सुचलं. सासऱ्यांचा चेहरा उजळला. "हां. पाण्याला हात लावून बसतात. नाडी बघितल्यासारख्या. कुठे मासा वळला, कुठे किडा पडला, सगळं त्यांना हातात कळतं. मासेही धरतात. कोळी म्हणजे अगदी दोन्ही अर्थांनी कोळी." आणि ते हसले. सासऱ्यांना विनोद करता येतो हे त्याला चोवीस वर्षांत प्रथमच कळलं.

मग ते रोजचंच झालं, आणि गंमत म्हणजे त्याला ते आवडायला लागलं. सकाळी दाढी करताना तो आजचे कोळी मनात जुळवी. एक बाटलीच्या बुचाएवढा, एक लंगडा. एकानं बेडकाच्या पिल्लाला धरलं, दुसऱ्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. सासरे उशीला टेकून बसू लागले, मग उशीशिवाय. उकडलेलं अंडं खाऊ लागले. "मग काय केलं तिनं?" असं त्यांनी विचारलं की याच्या अंगात वारं भरे. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या तोंडाच्या मापानं काम करत आला होता. इथे मोकळं मैदान होतं. कार्यशाळेतून परतताना त्याची पावलं हलकी पडत. बायको म्हणाली, "तू शीळ घालत होतास फाटकाशी." त्याच वेळी, म्हणजे त्याच आठवड्यात, त्यानं गुपचूप एका औषध फवारणाऱ्याला फोन करून पुढच्या गुरुवारी सकाळी यायला सांगून ठेवलं होतं. या दोन गोष्टी एकाच माणसानं केल्या यात त्याला तेव्हा काहीच विसंगत वाटलं नाही. गोष्टीतले कोळी गोष्टीत राहतीलच. खरे गेले म्हणजे माशांना खायला घालता येईल.

सोमवारी त्यानं कळस केला. "आज काय सांगू तुम्हाला," तो चहा ठेवताठेवताच म्हणाला, "कमळाच्या पानापासून कर्दळीपर्यंत हे एवढं जाळं. दवाचे थेंब लागलेत, ऊन पडलंय, आणि मधोमध थोरल्या बाई. एक गांधीलमाशी अडकली होती, तिला गुंडाळताहेत, फिरवताहेत, गुंडाळताहेत." त्यानं हातांनी गुंडाळून दाखवलं. सासरे बघत राहिले. "केवढं जाळं?" "ताटाएवढं. परातीएवढं म्हणा." सासऱ्यांनी कप बशीत ठेवला, अगदी आवाज न करता. "जावईबापू, हे कोळी शिकारीला जाळं विणत नाहीत. कधीच नाही. पाणी हेच त्यांचं जाळं." बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. "खोटं बनवणं हा तुमचा धंदा आहे, ते मला माहीत आहे," सासरे म्हणाले. रागानं नव्हे, पातळी सांगावी तसं. "पण तुमचे दात निदान तोंडात बसतात. हे बसत नाही." आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

त्या दिवशी त्यांनी जेवण परत पाठवलं, दुसऱ्या दिवशीही. व्यायामाच्या बाई दाराशी उभ्या राहून निघून गेल्या. बायकोनं बापाला रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, मग स्वयंपाकघरात येऊन दार लावून घेतलं. "काय झालं तुमच्यात?" त्यानं सांगितलं. तो हसण्याची वाट बघत होता, पण ती हसली नाही. "सगळंच खोटं होतं?" "पहिला एक सोडून." "अरे, तो मनुष्य चौतीस वर्षं पाऊसपाण्यात उठून जाऊन बघून यायचा," ती म्हणाली, "न बघता आकडा लिहिणारे शेजारच्या तलावावर होते. त्यांच्याशी बाबा लग्नकार्यातसुद्धा बोलायचे नाहीत. आणि तू त्यांना खिडकीतून कोळी सांगत होतास." मग ती म्हणाली, "मी बघून येऊ का? मी सांगते त्यांना." "नको," तो म्हणाला. नको का, हे त्याला कळलं नव्हतं. त्यांना कोळी हवे होते असं नाही, हे एवढं कळलं होतं. त्यांना जाऊन बघून आलेला माणूस हवा होता.

बुधवारी बायको गेल्यावर तो परसदारी पायरीवर उभा राहिला. ऊन अजून भिंतीवरून खाली उतरलं नव्हतं. तळं दहा फुटांवर होतं, जेमतेम एका पलंगाएवढं. दोन कमळाची पानं, एका बाजूला लव्हाळ्याचं बेट, कडेनं गोल दगड. मी एक पाऊल टाकतोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि टाकलं. दुसरं टाकलं. पुढच्या पावलाला त्याला समजलं की आपण दगडांकडे बघतच नाही आहोत, आभाळाकडे बघतो आहोत. मग त्यानं कार्यशाळेतली युक्ती केली. नवा साचा आला की तो आधी संपूर्ण जबड्याकडे बघत नसे; घाबरायला होतं. एक दात बघायचा. त्याच्या शेजारचा. त्याच्या शेजारचा. त्यानं डावीकडचा पहिला दगड बघितला. रिकामा. दुसरा. रिकामा. तिसऱ्यावर एक होता, लहान, पाय आवळून बसलेला, वाळक्या काडीसारखा. नजर पुढच्या दगडावर गेली, त्याच्या पुढच्या. सहाव्या दगडावर थोरल्या बाई होत्या.

तो चार फुटांवर उभा होता. त्या तपकिरी होत्या, कडेनं पिवळसर पट्टा, एखाद्या जुन्या चांगल्या शालीसारखा. उठल्या आणि चालायला लागल्या तेव्हा तो जागचा हलला नाही, कारण त्या विचित्र चालत होत्या: टाचा उचलून, अंग उंच धरून, अवघडून. पोटाखाली काहीतरी होतं. वाटाण्याहून मोठं, मळक्या कापसाची पुरचुंडी असावी तसं गोल. दाढांत धरून, अंगाखाली घेऊन त्या ते नेत होत्या. वाटेत एक किडा अगदी समोर पडला, पाणी हललं, त्या थांबल्या. पुढचा एक पाय पाण्याला लागला. मग तो काढून घेऊन त्या तशाच पुढे गेल्या. तोंड अडकलेलं होतं. त्यांना खाता येत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ज्यानं न खाता येणाऱ्या माणसांची तोंडं बघितली, त्याच्या हे चटकन लक्षात आलं, आणि का कोण जाणे, त्याला एकदम हसूही आलं आणि डोळे भरूनही आले. भीती गेली नव्हती. पण आता भीती आणि तो यांच्यामधे बघायला काहीतरी होतं.

तो आत गेला. सासरे भिंतीकडेच होते. "चार फुटांवर उभा होतो," तो म्हणाला. "दोन दिसले. आणखी असतील, पण लव्हाळ्याच्या मागे मी गेलो नाही, पाय लटपटायला लागले. थोरल्या बाईंच्या पोटाखाली गोल पुरचुंडी आहे. समोर किडा आला तरी खाल्ला नाही." सासऱ्यांची मान वळली. "रंग?" "मळका पांढरा." "अंड्यांची पुरचुंडी. नवी नाही मग. आठवडा झाला असेल." त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "घाम किती आलाय तुम्हाला." मग त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि आयुष्यात प्रथमच कुणालातरी वाडग्याची गोष्ट सांगितली. बायकोलासुद्धा त्यानं ती सांगितली नव्हती. सासऱ्यांनी ती पूर्ण ऐकली. शेवटी म्हणाले, "वाडग्याच्या कडेला टवका उडाला असेल. तेवढी फट पुरते त्यांना." एवढं साधं. पंचेचाळीस वर्षांत हे त्याला सुचलं नव्हतं. मग सासरे छताकडे बघत म्हणाले, "मलाही पाय खाली टेकवायची भीती वाटते. दुखतं म्हणून नाही. दुखत नाही आता. पण तळवा फरशीला लागला की ती फरशी सटकते. सटकत नाही, मला कळतं. पण सटकते." चोवीस वर्षांत दोघं एकमेकांशी इतकं बोलले नव्हते. चहा गार झाला होता तो दोघांनी तसाच प्याला.

गुरुवारी सकाळी फाटकाची कडी वाजली तेव्हा त्याला तो फोन आठवला. तो विसरलाच होता. दारात औषध फवारणारा, पाठीवर टाकी, हातात लांब नळी, चेहऱ्यावर उत्साह. "तळं कुठे? मासे असतील तर बादलीत काढा. अर्ध्या तासात एकही जिवंत दिसणार नाही." "नाही, म्हणजे," तो म्हणाला, "मारायचे नाहीत." "कोळी ना? फोनवर तुम्ही म्हणालात, पंजाएवढे." "आहेत. पण असू देत." "मग बोलावलंत कशाला?" "तेव्हा मी ओळखत नव्हतो त्यांना," तो म्हणाला. फवारणाऱ्यानं त्याच्याकडे, मग टाकीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "घरात झुरळं तरी?" "नाहीत." "वाळवी?" त्या माणसाचा चेहरा इतका पडला की यानं त्याला चहा पाजला आणि तळं दाखवायला नेलं. थोरल्या बाई दगडावरून पाण्यात उतरून दिसेनाशा झाल्या. बुडाल्या तेव्हा अंगाभोवती हवेचं चंदेरी कवच चमकलं. "बाप रे," फवारणारा म्हणाला. "वीस वर्षं मारतोय. असं थांबून कधी बघितलं नव्हतं." पुढच्या खोलीच्या खिडकीतून सासऱ्यांनी सगळं ऐकलं असणार. आत गेल्यावर त्यांनी विषय काढला नाही. फक्त म्हणाले, "तो टॉवेल काढा त्या वॉकरवरचा. आज तुम्ही किती फुटांवर जाणार?" "तीन." "मग मी तीन पावलं."

असा व्यवहार ठरला. तो तीन फुटांवर गेला त्या दिवशी सासरे पलंग ते कपाट गेले, कपाळावर टपोरा घाम, दात आवळलेले. "फरशी सटकली?" "सटकली. पण मी तुमच्या वाडग्यातल्या कोळ्याचं नाव घेतलं." तो दोन फुटांवर गेला, ते दारापर्यंत. मग त्यानं काठावर बसायला सुरुवात केल्यावर हिशेब बिघडला, कारण आता पुढे जायचं तर तळ्यातच. तेव्हा सासऱ्यांनी मिनिटं मोजायचं ठरवलं. बायको शाळेतून आली की दोघंही तिला एकदमच काहीतरी सांगायला लागत. व्यायामाच्या बाईंनी विचारलं, कोणतं औषध सुरू केलंत. "कोळी," सासरे म्हणाले. बाईंनी हे पुढे आणखी कुणालातरी सांगितलं की नाही, कळलं नाही. एका सकाळी थोरल्या बाईंनी लव्हाळ्याची तीनचार पाती एकत्र ओढून वर रेशमाचा तंबू उभारला, पुरचुंडी त्यात टांगली आणि स्वतः बाहेर, खाली डोकं करून, पहाऱ्याला बसल्या. "आता जाळं विणतात," सासरे म्हणाले, "पण पोरांसाठी." ते ऐकून त्याला सोमवारच्या त्या परातीएवढ्या जाळ्याची लाज वाटली आणि हसूही आलं.

पुढच्या रविवारी सकाळी सासरे स्वतःच्या पायांनी परसदारी आले. वॉकरचा टक, मग पाय, मग टक. पायरी उतरायला दहा मिनिटं लागली. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला बायको, आणि सासरे दोघांवरही खेकसत होते, "धरू नका, नुसते जवळ राहा." काठावर वेताची खुर्ची टाकून ठेवली होती. ते बसले आणि त्यांनी पाण्याकडे, मग लव्हाळ्याकडे बघितलं. तंबू भरला होता. मोहरीच्या दाण्याएवढी, त्याहूनही बारीक पिल्लं, शेकड्यांनी, एकमेकांच्या अंगावरून, पात्यांच्या टोकांवर, तंबूच्या दोरांवर. ऊन भिंतीवरून उतरून लव्हाळ्यावर आलं आणि जरासा वारा सुटला. टोकावरच्या पहिल्यानं पोटाच्या टोकातून एक तंतू सोडला, तो उन्हात एकदा चमकला, आणि पिल्लू नव्हतंच तिथे. मग दुसरं. मग दहा, मग मोजता येईनात. सगळी हवा रेषांनी भरली. एक सासऱ्यांच्या टकलावर उतरलं, दोन त्याच्या चष्म्यावर, आणि एक बायकोच्या केसांत. आणि ती, जी पंधरा दिवस त्याची नक्कल करून दाखवत होती, अशी काही किंचाळली की शेजारच्यांची खिडकी उघडली. "काढ! अरे काढ!" म्हणत ती घरात पळाली ती दार लावूनच थांबली. सासरे इतके हसले की खुर्ची करकरली. तो आपल्या सासऱ्यांना पोट धरून हसताना बघत होता. वरच्या ओळीतला डावा सुळा त्यांना नव्हता, हे त्यानं आजवर कधी बघितलंच नव्हतं.

चष्म्यावरचं एक पिल्लू काचेवरून वर चढलं, भुवई, कपाळ, केस. त्याचे पाय जाणवतात की नाही हे ठरवता येईना इतके हलके. त्यानं डोळे मिटले नाहीत. "उंच जागा शोधतात," सासरे म्हणाले, "तिथून उडायला बरं." लव्हाळ्यापेक्षा तिथे उंच असं एकच काही होतं, आणि ते म्हणजे तो. त्यानं हात पुढे केला. बोट पात्याच्या टोकाला टेकलं तेव्हा हाताला कंप होता, आणि तो कंप पात्याला लागून सगळा तंबू डुलला, पण ती आली. एकामागून एक, नखावरून, बोटावरून, मनगटावरच्या केसांतून. त्यानं हात हळूहळू डोक्यावर नेला. पहिलं बोटाच्या टोकाशी पोचलं, थांबलं, आणि गेलं. त्याला ते जाताना कळलं. खरंच कळलं, एक सूत तुटावं इतकंसं. तो मोठ्यानं हसला.

"अरे, किती वेळ असा उभा राहणार आहेस?" स्वयंपाकघराच्या बंद खिडकीमागून बायको ओरडली.

"सगळी जाईपर्यंत!"

"हात जरा आणखी वर, जावईबापू," सासरे म्हणाले. "वारा वर आहे."

तो चवड्यांवर उभा राहिला.